कवड्यांच्या माळेमागचा समुद्र

आमच्या देवघरात कवड्यांची एक माळ आहे. सासूबाईंनी ती तुळजापूरहून आणली होती. आमच्या भागात आराध्यांच्या आणि गोंधळ्यांच्या गळ्यात अशा माळा नेहमी दिसतात. भवानीचे नाव आणि कवडी यांचे नाते इतके जुने, की त्यात कुणाला नवल वाटत नाही. चाळीस वर्षे मी ती माळ दसऱ्याला पुसून पुन्हा जागेवर ठेवत आले. पण या कवड्या येतात कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नाही. धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तेरणा, मांजरा, बोरी या आमच्या नद्या, आणि त्याही उन्हाळ्यात वाळू दाखवणाऱ्या. कवडी मात्र समुद्रातल्या एका लहानशा गोगलगायीचे कवच आहे.

त्या कवड्यांचे एक मोठे माहेर म्हणजे मालदीव बेटे. तिथून कवड्यांनी भरलेली जहाजे शतकानुशतके भारताच्या किनाऱ्याला लागत. बंगालमध्ये तर कवडी हे रोजच्या व्यवहारातले नाणेच होते. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी मालदीवमध्ये काही काळ काझी होता. त्याने या व्यापाराची नोंद करून ठेवली आहे. ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ हे शब्द आपल्या तोंडी बसले ते उगीच नव्हे. आमचे तेर गावही समुद्राला अगदीच अनोळखी नाही. हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी ग्रंथात, इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. गेल्या श्रावणात त्या कवड्यांच्या समुद्राकडे जाण्याचा योग आला, तेव्हा हे सगळे मी नव्याने वाचले. मात्र तिथून परतताना मनात राहिली ती कवडी नव्हे, तर मांटा नावाचा एक प्रचंड मासा.

या प्रवासामागचे कारण घरगुती होते. साडेतीन वर्षांपूर्वी यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. औषधे आणि व्यायाम यांनी बरेच सुधारले. चार पायांच्या काठीने ते घरातल्या घरात चालू लागले, बोलणेही पुष्कळ स्पष्ट झाले. पण आंघोळ, कपडे, दाढी यांना दुसऱ्याचा हात लागतोच. तो हात फक्त माझा असावा, हा त्यांचा हट्ट. तरुणपणी तालमीत घुमलेले, नंतर बारा एकर कोरडवाहू शेती स्वतःच्या अंगावर ओढलेले हे गृहस्थ. पुतण्या मदतीला आला की भिंतीकडे तोंड फिरवीत. पगारी मदतनीस ठेवला, तो चौथ्या दिवशी निघून गेला. मी चौसष्ट वर्षांची. त्यांना स्टुलावर बसवताना आणि उठवताना माझ्या कमरेत कळ येई, रात्री झोप लागत नसे, स्वतःची रक्तदाबाची गोळी मी विसरू लागले. डॉक्टरांनी एकदा मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, ‘‘ताई, असेच चालले तर सहा महिन्यांनी या घरात दोन रुग्ण असतील.’’ मी घरी येऊन ते वाक्य कुणालाच सांगितले नाही.

आमची मुलगी मालदीवच्या राजधानीत, माले शहरात, परिचारिका आहे. भारतातल्या कितीतरी परिचारिका आणि शिक्षक तिथे नोकरीला आहेत. ‘‘आई, पंधरा दिवस तुम्ही दोघे इकडे या. बाबांचे मी बघते, तू नुसती बस,’’ असा तिचा आग्रह. हे आधी नाही म्हणाले. मग नातवाच्या ओढीने तयार झाले.

तयारीला दीड महिना लागला. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्या उपयोगाचे म्हणून थोडे सांगते. विमानप्रवासाला हरकत नाही ना, हे आम्ही डॉक्टरांना आधी विचारले आणि तसे लिहून घेतले. औषधांची चिठ्ठी घेताना कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही लिहून घेतले, कारण परदेशात आपल्या कंपन्यांची नावे ओळखीची असतीलच असे नाही. सगळ्या गोळ्या मोठ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवल्या. मालदीवचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे आहे, त्यामुळे औषधांच्या वेळा बदलाव्या लागल्या नाहीत. विमानतळावर चाकांची खुर्ची मिळावी म्हणून तिकीट काढतानाच तशी नोंद केली. विमानात दर तासाला ह्यांचे पाय मी घोट्यापासून हलवीत होते, थोडे थोडे पाणी पाजत होते. बराच वेळ एका जागी बसल्याने पायातल्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका असतो आणि आपल्या वयात तो अधिक. शिदोरीला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होतीच.

धाराशिवहून रात्रीच्या गाडीने मुंबई, मुंबईहून विमानाने माले. खिडकीतून खाली पाहिले, तर गडद निळ्या पाण्यावर फिकट हिरवी कंकणे ठेवलेली. प्रवाळांची ती कंकणे म्हणजेच ‘अटॉल’. जगभर रूढ झालेला हा शब्द मूळचा इथल्याच धिवेही भाषेतला आहे. धिवेही सिंहलीची बहीण, म्हणजे आपल्याच आर्य भाषाकुळातली. त्यामुळे मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटतो. देशाला ते ‘धिवेही राज्जे’ म्हणतात. त्या ‘राज्जे’त आपले ‘राज्य’ कुणालाही ऐकू येईल.

सुमारे १,२०० बेटांच्या या देशात नदी एकही नाही. माले शहर समुद्राचे खारे पाणी गोडे करून पिते. २०१४ च्या डिसेंबरात तिथल्या जलशुद्धीकरण केंद्राला आग लागली, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचे पाणी पाठवले होते. मुलीने हे सांगितले तेव्हा आम्हा दोघांना २०१६ चा उन्हाळा आठवला. आमच्या शेजारच्या लातूरला तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते. चारी बाजूंनी पाणी असलेल्या गावालाही तहान लागते, हे ऐकून हे म्हणाले, ‘‘मग ही आपलीच माणसं.’’

मालेहून छोट्या विमानाने वीस-पंचवीस मिनिटांवर बा अटॉल आहे. तिथल्या धरवंधू नावाच्या बेटावर एका साध्या अतिथिगृहात आम्ही चार दिवस राहिलो. गाव लहान, रस्ते दाबलेल्या पांढऱ्या वाळूचे, वाहने अगदी थोडी. ह्यांना काठी टेकत सकाळी मशिदीपर्यंत आणि परत असे चालता येई. या बेटापासून होडीने काही मिनिटांच्या अंतरावर हनिफारू नावाचा लहानसा उपसागर आहे. २०११ मध्ये युनेस्कोने बा अटॉलला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, त्यात हनिफारूचा वाटा मोठा. फुटबॉलच्या एखाद्या मैदानाएवढ्या या जागेत पावसाळ्यात कधी कधी शंभराहून अधिक मांटा एकत्र जमतात.

मांटा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर पाकटाच्या कुळातला मासा. कोकणात पाकट किंवा वागळी म्हणतात तो चपटा, पंखांसारखे पर असलेला मासा पुष्कळांनी पाहिला असेल. पाकट तळाशी वाळूत बसते आणि त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. मांटा मात्र उभे आयुष्य पोहत राहतो आणि त्याच्याजवळ दंश करणारा काटा नाही. ‘मांटा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ अंगावर घ्यायचे जाड पांघरूण. आपण सरळ घोंगडी म्हणावे! प्रवाळांच्या आसपास राहणाऱ्या मांटाचा विस्तार पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन ते साडेतीन मीटर असतो; खोल समुद्रात फिरणाऱ्या मोठ्या जातीचा सात मीटरपर्यंत जातो. त्याची लहान भावंडे म्हणजे डेव्हिल रे. मस्तकावर शिंगांसारखे दोन पर असतात म्हणून खलाशांनी त्यांना सैतानाचे नाव दिले. ते ‘शिंग’ म्हणजे खरे तर अन्नाचे पाणी तोंडाकडे वळवणारे हात आहेत. मांटाचे तोंड डोक्याच्या पुढच्या टोकाला असते, डेव्हिल रेचे थोडे खालच्या बाजूला. ओळखण्याची ही एक सोपी खूण. हे सगळे इतके जवळचे आप्त, की अलीकडे शास्त्रज्ञांनी त्यांना ‘मोब्युला’ या एकाच प्रजातीत बसवले आहे. एवढा अवाढव्य देह, आणि आहार कोणता? पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक.

मांटा हनिफारूला का जमतात, याचे उत्तर ऐकताना मला आमचा खळा आठवला. जूनमध्ये आपल्याकडे ज्याची वाट पाहतो तोच नैऋत्य मोसमी वारा या बेटांवरूनही वाहतो. त्याच्या रेट्याने समुद्राचा प्रवाह पूर्वेकडे वळतो, खालचे सकस पाणी वर येते आणि अटॉलच्या पूर्व कडेला प्लवक दाटते. हनिफारू नेमके त्या कडेवर आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत ते प्लवक उपसागरात लोटले जाते आणि तिथेच अडकते. वाऱ्यावर धान्य उफणताना दाणे एका जागी रास होऊन पडावेत, तसे. धाराशिवच्या वाट्याला मात्र पर्जन्यछायेमुळे त्या वाऱ्याचे उरलेसुरले पाणी येते. एकच वारा, कुठे तो तुरीला जीवदान देतो, कुठे मांटाचे पान वाढतो.

आम्ही गेलो ती नारळी पौर्णिमा होती. कोकणातले कोळीबांधव त्या दिवशी समुद्राला नारळ देत असतील, असे मनात आले.

मी पाण्यात उतरावे, असे मुलीने ठरवून टाकले होते. लहानपणी वडिलांनी पाठीला भोपळा बांधून मला विहिरीत टाकले होते. त्यामुळे पोहणे अंगात होते, पण पन्नास वर्षांत पाण्याचा संबंध आला नव्हता. निघण्याआधी हृदयाची तपासणी करून घेतली होती. बेटावर आल्यावर दोन दिवस किनाऱ्यालगत उभे राहून तोंडाने श्वास घ्यायच्या नळीचा सराव केला. तरंगणारे जाकीट, हाताला धरायला फुगीर कडे आणि शेजारी सतत वाटाड्या, या तीन अटींवर मी तयार झाले. हनिफारूचे नियम कडक आहेत. २०१२ पासून तिथे हवेचे नळकांडे पाठीला लावून बुडी मारता येत नाही. वरच तरंगत पाहायचे, तेही पाऊण तास. प्राण्याला हात लावायचा नाही, त्याच्या वाटेत जायचे नाही.

होडीवर चढताना मी मागे पाहिले. हे धक्क्यावर सावलीत खुर्चीत बसले होते, शेजारी मुलगी. साडेतीन वर्षांत मी त्यांना सोडून दोन तासांसाठी कुठे गेले नव्हते. मनात पहिला विचार आला तो असा, की त्यांना लघवीला जायचे झाले तर? मुलीने हात हलवून मला जा म्हटले.

पाणी ढगाळ होते. प्लवक दाटले की ते तसेच असते. आधी काहीच दिसेना. मग त्या धूसरातून एक पांढरे तोंड उघडत समोर आले, इतके रुंद की त्यात घमेले सहज मावले असते. मी श्वास रोखला. तो अजस्र देह माझ्याखालून सावकाश गेला, पाण्याला धक्काही न देता. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. सात-आठ मांटा एकामागोमाग रांगेत, जणू दिंडी चालली आहे. एकाने तोंड उघडे ठेवून कोलांटी घेतली, तेव्हा त्याचे पांढरे पोट वर आले आणि त्यावरचे काळे ठिपके दिसले. हे ठिपके प्रत्येक मांटाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यांच्या छायाचित्रांवरून २००५ पासून मालदीवमध्ये नोंद ठेवली जाते आणि आजवर ५,००० हून अधिक मांटा एकेक करून ओळखले गेले आहेत.

पाऊण तास संपल्याची खूण झाली, तेव्हा माझ्या लक्षात आले की एवढ्या वेळात मला ह्यांची आठवण झाली नव्हती. होडीत बसल्यावर आधी शरम वाटली. मग रडू आले. मग खूप भूक लागली. मुलीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘आई, तुझी कंबर आज दुखली का ते आठव.’’ दुखली नव्हती. सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःसाठी घेतलेला वेळ हा रुग्णाकडून चोरलेला वेळ नसतो, हे पुष्कळदा वाचले होते. त्या दिवशी प्रथमच पटले.

ह्यांना मात्र होडीत बसवणे शक्य नव्हते. पावसाळ्यातला समुद्र हलता असतो आणि एका बाजूने अधू माणसाला तोल सावरता येत नाही. पण दुसऱ्या रात्री जेवणानंतर अतिथिगृहाचा तरुण वाटाड्या आम्हाला धक्क्यावर घेऊन गेला. धक्क्याच्या दिव्याखाली पाणी हिरवे उजळलेले. उजेडाकडे प्लवक येते आणि त्याच्या मागे कधी कधी मांटा. ह्यांची खुर्ची कठड्याला टेकवून, चाकांना खिळ घालून आम्ही बसलो. अर्धा तास काही नाही. उठावे असे म्हणत होतो, तोच दिव्याखालचे पाणी काळे झाले. एक मांटा वर आला, गिरकी घेऊन गेला, पुन्हा आला. हे काही बोलले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी माझा हात धरला होता. त्या मांटाच्या उजव्या पंखाचा कोपरा तुटलेला होता. शार्कचा चावा असेल, नाहीतर होडीचा पंखा लागला असेल, असे वाटाड्याने सांगितले. ‘‘तरी पोहतोय,’’ एवढेच हे म्हणाले.

परतल्यावर वाटाड्याने स्वतः पाण्याखाली केलेले चित्रण आम्हाला दाखवले. प्रवाळांच्या एका उंचवट्यावर मांटा येतो. एरवी सतत पुढे जाणारा हा मासा तिथे गती अगदी मंद करतो, त्याच जागी घिरट्या घालतो, मस्तकावरचे पर सैल सोडतो, तोंड आणि कल्ल्यांच्या फटी उघडतो. मग प्रवाळांतून बोटभर लांबीचे, अंगावर काळा पट्टा असलेले निळसर मासे बाहेर येतात. ते त्याच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली कातडी वेचून खातात, जखमेभोवतीची घाण काढतात, थेट तोंडात शिरून स्वच्छता करतात. सफाईच्या अशा जागा ठरलेल्या असतात आणि मांटा तिथे पुन्हा पुन्हा येतात. चित्रणात तुटक्या पंखाचाही एक मांटा होता. त्या लहान माशांचे पोट भरते. मोठ्याच्या जखमा स्वच्छ राहतात. सगळ्या माशांत मोठ्यातला मोठा मेंदू मांटाचा. तो या बोटभर माशांसमोर असा निमूट थांबतो.

हे बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘तालमीत दोन-दोन पोरं माजं अंग रगडायची. तवा कुठं लाज वाटली?’’

कुणीच उत्तर दिले नाही. तशी गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने त्यांना आंघोळ घातली. मी बाहेर व्हरांड्यात चहा पीत बसले होते आणि आतून दोघांचे बोलणे ऐकू येत होते.

या प्राण्यांची दुसरी बाजूही आरोग्यपत्रिकेच्या वाचकांना सांगायला हवी, कारण ती औषधाशी निगडित आहे. मांटा आणि डेव्हिल रे यांच्या कल्ल्यांत प्लवक गाळणाऱ्या पट्ट्या असतात. त्या वाळवून चीनमधल्या काही बाजारांत टॉनिक म्हणून विकल्या जातात. त्याने रक्त शुद्ध होते, प्रतिकारशक्ती वाढते, असे विक्रेते सांगतात. त्याला शास्त्राचा आधार नाही. या व्यापारापायी हे मासे मोठ्या संख्येने मारले गेले. त्यांची वाढ होते फार सावकाश. मादी साधारण वर्षभर गर्भ वाढवून एकाच पिल्लाला जन्म देते आणि दोन पिल्लांत कित्येक वर्षांचे अंतर असते; आयुष्य चाळीस वर्षांहून अधिक. एक मादी मारली, की ती पोकळी भरून यायला फार काळ लागतो. म्हणून वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने २०१३ मध्ये मांटा आणि २०१६ मध्ये डेव्हिल रे यांच्या व्यापारावर नियंत्रण आणले. मालदीवने २०१४ मध्ये आपल्या पाण्यातल्या सगळ्याच पाकटांना संरक्षण दिले. आपल्या अरबी समुद्रातही डेव्हिल रे आहेत आणि दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत ते सापडतात. संरक्षित समुद्री जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर त्या जाळ्याची भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये सुरू केली. प्राणीही वाचावा आणि गरिबाचे जाळेही बुडू नये, हा त्यामागचा विचार मला शहाणपणाचा वाटतो. आणि आपल्या दाराशी कुणी कसलीही वाळवलेली वस्तू ‘सर्व रोगांवर’ म्हणून घेऊन आला, तर ती घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, ही सवय तर आम्हा म्हाताऱ्यांच्या फार कामाची आहे.

समुद्रावर जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी दोन शब्द. नळी लावून पोहणे वाटते तितके सोपे नाही. धाप लागते आणि ती धाप पाण्यात लवकर लक्षात येत नाही. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब, फिट येणे यांपैकी काही असेल त्यांनी पाण्यात उतरूच नये. होडीतून, धक्क्यावरून, पडद्यावरूनही समुद्र भेटतो. उतरायचेच असेल तर एकट्याने नको, जेवून लगेच नको, आणि थोडे जरी दमल्यासारखे वाटले तरी हात वर करून बाहेर यायला संकोच नको. होडी लागत असेल तर निघण्यापूर्वी हलके खावे, नजर क्षितिजावर ठेवावी. उलटीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण अशा काही गोळ्यांनी वयस्कर माणसांना गुंगी येते आणि तोल जातो. उन्हात टोपी, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी.

आम्ही भाद्रपद लागता लागता तेरला परतलो. आता पुतण्या रोज सकाळी सात वाजता येतो. पहिल्या दिवशी हे थोडे अवघडले. मग त्यालाच कुस्तीतले डाव सांगू लागले. आंघोळ होईपर्यंत अर्धा तास जातो. तेवढ्या वेळात मी तेरणेच्या पुलापर्यंत चालून येते. कमरेचा त्रास संपला नाही, पण कमी झाला आहे, आणि माझी गोळी मी विसरत नाही. कधी कधी हे पुन्हा हट्ट करतात, कधी माझाही धीर सुटतो. आजार तोच आहे; घरातले हात तेवढे वाढले आहेत.

दसऱ्याला मी कवड्यांची माळ उतरवून पुसायला बसले. हे शेजारी खुर्चीत होते. त्यांनी डावा हात पुढे केला. मी ओले फडके त्यांच्याकडे दिले आणि माळेचे दुसरे टोक धरून बसले.